एका डोळ्यात दोन पाहुणे

१

शिंपीणबाई तक्रार करणाऱ्यातली नव्हती. सुई बोटात घुसली तरी ती आधी कापडावर डाग पडला का ते बघायची, मग बोटाकडे. म्हणून त्या सकाळी पट्टी सोडताना ती नुसतं "ताई, डोळा जरा ठणकतोय हो" म्हणाली, आणि डॉक्टरणीने दिवा जवळ ओढला.

मोतीबिंदू काढलेला डोळा खुपतो, पाणावतो, चुरचुरतो. ठणकत नाही. आदल्या दिवशी तर हाच डोळा इतका छान होता की बाईने समोरच्या खाटेवरच्या म्हातारीच्या पदराची शिवण कुठे उसवलीय ते सांगितलं होतं.

पट्टी निघाली. पापणी सुजलेली, डोळा लालभडक, आणि बुबुळावर दूध सांडल्यासारखा गढूळपणा.

"किती बोटं दिसतात?" डॉक्टरणीने विचारलं.

"बोटं?" शिंपीणबाई गोंधळली. "हात धरलाय का तुम्ही?"

दुपारच्या आत कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर कण्हायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग नावाडी. आदल्या सकाळी सहा जणांची ऑपरेशनं झाली होती. तिघांचे डोळे पेटले आणि तिघांचे काचेसारखे स्वच्छ राहिले. डॉक्टरणीने तिन्ही डोळ्यांतलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं, डोळ्यांत औषधं टोचली, ऑपरेशनच्या खोलीला कुलूप घातलं, रात्र तिघांच्या उशाशी काढली आणि दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आली.

वर तिची आई होती.

२

आईला सगळे जिजी म्हणत. दवाखाना खालच्या मजल्यावर, घर वरच्या, आणि राज्य दोन्हींवर जिजीचं, असं निदान जिजीचं मत होतं. शाळेशी तिची ओळख जुजबी. सही करायची, देवाण-घेवाणीपुरतं वाचायची, आणि जिथे अक्षर अडायचं तिथे चष्म्याला दोष द्यायची. पण डोळ्यांच्या डॉक्टरशी संसार केलेली बाई. जिना चढणाऱ्याच्या पावलांवरून खाली काय घडलंय ते तिला कळायचं.

लेक येऊन बापाच्या जुन्या वेताच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती फक्त हरल्यावर बसायची.

"आई, मी आता हातात सुरी धरणार नाही."

"चहा घे आधी."

"सोमवारी मोठ्या इस्पितळाची माणसं येतायत. दवाखाना चालवायला घेतो म्हणून कधीचे मागे लागलेत. त्यांना हो म्हणून टाकते. बाबांच्या हातून आयुष्यात असं झालं नाही. माझ्या हातून एकाच सकाळी तीन डोळे."

"त्या सकाळी डोळे किती केलेस?"

"सहा."

"हात दोनदा बदललास का मधे?"

"आई, थट्टा नको."

"थट्टा नाही, हिशेब विचारते. हात खराब असता तर सहाच्या सहा बिघडले असते. पहिली शिंपीण, ती बिघडली. दुसरी म्हातारी ठणठणीत. पुन्हा मास्तर बिघडले, मग मधले दोघे ठणठणीत, शेवटी नावाडी बिघडला. तुझा हात काय मधेच घाण आणि मधेच स्वच्छ होत होता?"

लेकीने मान वर केली. डोळे रडून सुजले होते, पण डोकं चालू झालेलं दिसलं. "तेच मलाही कळत नाहीये. तीच हत्यारं, तेच पाणी, तीच खोली."

तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली. जिजीच्या धाकट्या बहिणीची मुलगी प्रयोगशाळेत काम करायची, जंतू वाढवून ओळखायची. "लोकांच्या पोरी गुलाब लावतात, आमची जंतू लावते," असं जिजी चारचौघांत म्हणायची, अर्थात अभिमानाने. ती भाची दारात धापा टाकत उभी होती.

"ताई, मावशी, निकाल आला. तिन्ही डोळ्यांत एकच प्रकार आहे. पण जंतू एक नाही. दोन आहेत."

३

"दोन?" डॉक्टरीण उभी राहिली. "तिघांतही?"

"तिघांतही तीच जोडी. मी दोनदा करून पाहिलं. एरवी एका डोळ्यात एकच सापडतो, जोडी क्वचित." भाची खाली बसली. "एक आहे साचलेल्या पाण्यातला. नळाच्या तोटीत, ओल्या बादलीत, फुलदाणीत राहणारा. दुसरा माणसाच्या तोंडातला. आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो, तिथे काही करत नाही. डोळ्यात गेला की जाळ करतो."

"दोघांवर चालेल असं टोचलंयस ना?" जिजीने लेकीला विचारलं.

"दोन्ही औषधं टोचलीत. तिघांचं दुखणं थोडं उतरलंय. पण आलं कुठून ते कळलं नाही तर मी एकाही माणसाला टेबलावर घेणार नाही."

मग दोघी शिकलेल्या बहिणी हिरीरीने बोलायला लागल्या. पाण्यातला म्हणजे मिस्त्री. ऑपरेशनच्या खोलीतलं गारव्याचं यंत्र ठिबकत होतं, ते तो ऑपरेशनांच्या आदल्याच दिवशी दुरुस्त करून गेला. तोंडातला म्हणजे काका. डॉक्टरणीचे काका, म्हणजे जिजीचे धाकटे दीर, दवाखान्याचा कारभार पाहायचे, आणि गेले काही दिवस सर्दी झाली म्हणून तोंडाला रुमाल लावून फिरत होते.

जिजी ऐकत होती. शेवटी कप खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे दोन चोर, वेगवेगळ्या गावांहून निघाले, एकमेकांना न सांगता नेमक्या त्याच तीन घरांत शिरले आणि तीच तीन सोडली. असं होतं का कुठे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ते दोघे एकाच गाडीतून आलेत. गाडी शोधा."

"कशी शोधायची, मावशी?"

"तुम्ही तुमच्या काचा बघा," जिजी पदर खोचत उठली. "माणसं मी बघते."

४

मिस्त्री सरळ माणूस निघाला. "जिजी, यंत्राचं पाणी बाहेरच्या बोळात पडतं. नळी मी स्वतः बसवली. आत थेंब पडला असेल तर माझं नाव बदला. मी त्या दिवशी दुसरं काम केलं ते औषधांच्या खोलीतल्या फ्रिजचं. त्याची मोटर गेलीय, काढून नेलीय मी. अजून माझ्या दुकानात पडलीय."

"आणि तोंड?"

"तोंड काय?"

"तोंड बंद असतं का काम करताना?"

"तोंडात स्क्रू धरलेले असतात, जिजी. बोलणार कसा?"

जिजीने त्याला सोडून दिलं आणि कपड्यांच्या खोलीत गेली. तिथे थोरल्या सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या. या सिस्टर जिजीच्या नवऱ्याच्या वेळच्या. डॉक्टर गेले, त्यांचा कंपाउंडर गेला, बाहेरच्या पाटीचा रंग गेला, सिस्टर राहिल्या. त्यांचं आणि जिजीचं दोन शब्दांच्या वर कधी जुळलं नाही. एका माणसाला दोघींनी देव मानलं की असं होतं.

"सिस्टर, ऑपरेशननंतर तुम्ही काय काय केलंत?"

"जे आयुष्यभर करत आलेय ते." घडी ताडकन आपटली. "पट्ट्या बदलल्या. थेंब घातले. हात धुतले, मोजे घातले, तोंडावर फडकं बांधलं. दोष द्यायला कुणी हवं असेल तर म्हातारीच बरी सापडते, नाही का?"

"दोष कोण देतंय? विचारतेय."

"डॉक्टरसाहेबांच्या वेळी एक डोळा गेला नाही, जिजी. त्यांनी ठेवलेली शिस्त मी मोडलेली नाही. उलट हल्ली तीच मोडत चाललीय म्हणून हे असं होतं." सिस्टरांनी चादरीत तोंड लपवल्यासारखं केलं आणि जिजी निघून आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या बाईला काही लागट बोलवलं नाही.

राहिले भावोजी. दुपारी ते औषधांच्या खोलीत आरामखुर्चीत पडायचे. उत्तरेची खिडकी, दवाखान्यातली सगळ्यात गार जागा. जिजीने दार ढकललं. भावोजी दचकून उठले, पाठ फिरवली, खिशात हात घातला, खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि मग रुमाल लावून वळले.

"वहिनी! दार तरी वाजवायचं."

"माझ्या नवऱ्याच्या दवाखान्यात मी दार वाजवू? सर्दी कशी आहे?"

"आहे. घसाही धरलाय."

घसा खणखणीत होता. नाक तर उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखं कोरडं. शेजारच्या बशीत सफरचंदाच्या कागदासारख्या पातळ फोडी होत्या. जिजीला आठवलं, तिच्या लग्नात हाच दीर मांडवाच्या खांबाला टेकून पाहुण्यांना अक्रोड दातांनी फोडून दाखवत होता. पोरींकडे बघत, मूठ मूठ. अजूनही कुणी दाताचं दुखणं काढलं की म्हणायचे, "माझे बघा, एक हललेला नाही."

"ऑपरेशनच्या खोलीत गेला होतात का?"

"शपथ घेतो. रक्त बघून मला भोवळ येते, तुम्हाला माहीतच आहे. माझ्यावर का वळलीय सगळी गाडी?"

"गाडी कुणावर वळलीय तेच शोधतेय," जिजी म्हणाली आणि फोडींकडे पुन्हा एकदा बघून बाहेर पडली.

कुणीच खोटं बोलत नव्हतं, असं तिला वाटलं. आणि प्रत्येकजण काहीतरी लपवत होता.

५

वॉर्डात संध्याकाळचं ऊन आडवं आलं होतं. जिजी शिंपीणबाईच्या खाटेवर बसली. लग्नाआधीपासूनची ओळख, जिजीच्या लेकीचं पहिलं झबलं हिनेच शिवलेलं.

"दिसतं का गं काही?"

"उजेड दिसतो. तुमची आकृती दिसते. रागावलेली आहे का ते कळत नाही."

"मी नेहमीच रागावलेली असते, तेवढं धरून चाल. सांग, पट्टी सोडल्यापासून डोळ्याला काय काय लागलं?"

"काही नाही हो. सिस्टर थेंब घालायच्या तेवढेच. आणि काय सुरेख गार थेंब! डोळ्यात पडला की अंगावर काटा यायचा, बरं वाटायचं. आमच्या घरी उन्हाळ्यात आई डोळ्यावर ओलं फडकं ठेवायची, तसं."

पलीकडून मास्तर बोलले, "खरं आहे. मलाही गार लागले. नावाड्यालाही. तो तर म्हणाला, नदीचंच पाणी घालताय का सिस्टर."

जिजीने समोरच्या म्हातारीला विचारलं, "तुमचे थेंब गार होते का हो?"

"छे. माझी सून घालते. बाटली माझ्या उशाशीच असते, ही बघा. कोमट असते."

उरलेल्या दोघांनाही तिने विचारलं. एकाजवळ बायको राहिली होती, दुसऱ्याजवळ भाऊ. बाटली उशाशी, थेंब कोमट, डोळा स्वच्छ. आणि शिंपीण, मास्तर, नावाडी हे तिघे एकटे आले होते. एक विधवा, एक ब्रह्मचारी, एकाचं घर नदीपलीकडे. त्यांच्याजवळ थेंब घालणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या बाटल्या सिस्टरांकडे.

"तुझी ती बाटली कुठाय?"

"सिस्टर टाकायला निघाल्या होत्या, ताईंनी नव्या दिल्या तेव्हा. मीच मागून घेतली." शिंपीणबाईने उशीखालून काढली. "मशीनला तेल सोडायला अशी बारीक तोंडाची बाटली मिळत नाही. रागावू नका."

"मेलीस तरी चिंधी टाकणार नाहीस तू," जिजी म्हणाली, आणि त्या बाटलीचा मुका घ्यावा की काय असं तिला झालं. स्वच्छ पिशवीत घालून तिने ती भाचीकडे धाडली.

मग लेकीला गाठलं. "ते एकट्या माणसांचे थेंब कुठे ठेवले होते?"

"वर. तुझ्या फ्रिजमध्ये. खालचा बिघडला ना, म्हणून सिस्टरना तसं सांगितलं होतं. सिस्टरना विचारलंही मी, थंड जागी होते ना? त्या हो म्हणाल्या."

जिजीने जिन्याच्या कठड्यावर तळहात आपटला.

"बाळे, माझ्या फ्रिजमध्ये लिंबू इकडचं तिकडे झालं तरी मला कळतं. तिथे एकही बाटली आलेली नाही."

६

सकाळी भावोजी यायच्या आत जिजी औषधांच्या खोलीत शिरली.

ती कितीतरी वर्षांत इथे नीट बसली नव्हती. आयडिनचा, जुन्या लाकडाचा वास तोच. कपाटाच्या माथ्यावर डॉक्टरांच्या वस्तू हारीने ठेवलेल्या: त्यांची टोपी, पितळी टेबलघंटा, मुठीची छत्री, आणि निळ्या काठाचं एनॅमलचं वाडगं. सगळ्यांवर धुळीची साय. वाडगं मात्र लख्ख.

आणि खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, आरामखुर्चीच्या हाताशी, पाण्याचा गोल डाग.

जिजी खुर्चीत बसली. वाडगं मांडीवर घेतलं. काठाला एका जागी टवका उडालेला होता, तो तिच्याच हातून उडाला होता, नवी नवरी असताना, आणि हे म्हणाले होते, "बरं झालं, आता चोरीला जाणार नाही."

तेव्हा फ्रिज कुठला? दुपारी वीज नसायची, कधी आठवडाभर नसायची. हे सकाळी डोळ्यांच्या औषधांच्या काचेच्या बाटल्या या वाडग्यात उभ्या करायचे, गळ्यापर्यंत गार पाणी, आणि वाडगं या खिडकीत. जाड काचेच्या बाटल्या, वर काचेचं घासून बसवलेलं बूच. न्हाणीत पोरं बसवावी तशा ओळीने बसवायचे आणि स्वतःशी गुणगुणायचे. गाणं कुठलं ते तिला कधीच कळलं नाही, त्यांना सूर नव्हता. बाहेर बाकावर पेशंट, कुणाच्या तरी पोराचं रडणं, आणि खिडकीतून येणारा तो ओल्या वाऱ्याचा झोत. सगळं इतकं जवळ होतं की हात पुढे केला तर त्यांच्या बाहीला लागेल.

तिने हात पुढे केला नाही. वाडगं उलटं करून पाहिलं.

मग तिला दोघांनी लपवलेलं दोन्ही कळलं. सफरचंदाच्या फोडी, कोरडं नाक, पाठ फिरवून खिशात घातलेला हात. चादरीत लपवलेलं तोंड. गाडी सापडली होती. तिच्या मांडीवरच होती.

७

"सगळ्यांना खाली बोलाव," तिने लेकीला सांगितलं. "आणि दोन अक्रोड आण."

खोलीत गर्दी झाली. डॉक्टरीण दाराशी, सिस्टर कपाटाला टेकून, भावोजी रुमालासकट. भाची रात्रभराच्या वाढीच्या काचा बघून थेट आली होती. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "शिंपीणबाईंच्या बाटलीत तीच जोडी आहे. पाण्यातला आणि तोंडातला. दोन्ही."

"थेंबांतून?" डॉक्टरीण म्हणाली. "पण बाटल्या तर सीलबंद आल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या."

"आल्या तेव्हा चांगल्याच होत्या," जिजी म्हणाली. "भावोजी, हा घ्या अक्रोड. फोडा."

"आत्ता? वहिनी, काय चाललंय?"

"लग्नात फोडत होतात. एक हललेला नाही ना?"

भावोजींनी अक्रोड हातात घेतला. फिरवला. सगळ्यांकडे पाहिलं. मग रुमाल काढला आणि बारीक आवाजात म्हणाले, "सगळे काढले. गेल्या महिन्यात. वरचे खालचे, दोन्ही कवळ्या आहेत. टोचतात फार."

"काका!" पुतणी थक्क झाली. "सर्दी नव्हतीच?"

"सर्दी झालेला माणूस नाक पुसतो," जिजी म्हणाली. "हे तोंड झाकत होते. आता सांगा, ऑपरेशननंतरच्या त्या दुपारी झोपताना कवळ्या कुठे ठेवल्यात?"

"इथे खिडकीत एक वाडगं होतं. पाणी भरलेलं, स्वच्छ. मला वाटलं, कुणीतरी हात बुडवायला ठेवलंय. तासभर टाकल्या त्यात. गार पाण्यानं हिरड्यांना बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी वाडगं नव्हतं."

थोरल्या सिस्टर स्टुलावर बसल्या.

"मी थेंब घालायला बाटल्या घेऊन वॉर्डात गेले होते," त्या पुटपुटल्या. "परत आले तेव्हा तुम्ही निघून गेला होता. पाणी तसंच दिसत होतं. मी बाटल्या परत ठेवल्या. संध्याकाळी तेच थेंब घातले. सकाळीही. मला काय माहीत..."

"पण वाडग्यात का, सिस्टर?" डॉक्टरणीचा आवाज चढला. "वर ठेवा म्हटलं होतं ना?"

"वर?" सिस्टरांनी एकदम मान उचलली. "मागे एकदा तुमच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं ठेवली होती, तेव्हा जिजी काय बोलल्या होत्या ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. 'माझ्या दुधाशेजारी तुमचा दवाखाना नको.' मी पुन्हा त्या दाराशी जाणार नव्हते. आणि डॉक्टरसाहेब असंच ठेवायचे! मी या डोळ्यांनी पाहिलंय. वर्षानुवर्षं. याच वाडग्यात, याच खिडकीत. त्यांच्या हातून काही झालं नाही, मग माझ्याच हातून का?"

जिजी तसं बोलली होती, शब्दन् शब्द.

तिने तांब्याभर पाणी वाडग्यात ओतलं. कपाटातून जुनी काचेची एक बाटली काढून त्यात ठेवली. बाटली जड, तळाशी घट्ट बसली, गळा पाण्याबाहेर. मग शेजारी थेंबांची नवी प्लास्टिकची बाटली, अर्धी वापरलेली. ती क्षणभर उभी राहिली, डुलली, आणि आडवी होऊन तरंगायला लागली. तोंड पाण्यात.

"झाकण घाईत सैल लावलेलं असलं तर..." भाची पुढे झाली. तिने बाटली जराशी दाबून सोडली, आणि सगळ्यांच्या देखत बारीक तोंडाने पाण्याचा एक घोट आत ओढून घेतला. "अशी पिते ती. दर वेळी हाताने कोमट झालेली बाटली गार पाण्यात पडली की आतली हवा आकसते, आणि थोडं थोडं ओढलं जातं."

"आणि नव्या डोळ्याची जखम अजून मिटलेली नसते," डॉक्टरीण हळूहळू म्हणाली. तिने पुढचं स्वतःच जुळवलं. "उशाशी ठेवलेल्या तिघांच्या बाटल्यांना काही झालं नाही. म्हणून मधूनच कुणी बिघडलं, मधूनच कुणी राहिलं. ऑपरेशनच्या क्रमाशी संबंधच नव्हता."

"हाताशीही नव्हता," जिजी म्हणाली.

"पण चूक माझ्याच दवाखान्यात झाली, आई."

"झाली. दवाखान्यात झाली. ती निस्तर. हाताला सुळावर चढवू नको."

सिस्टर रडत होत्या. आवाज न करता, खांदे हलत होते. "साहेबांचंच केलं मी. त्यांचंच सगळं जसंच्या तसं केलं."

जिजीने वाडगं उचललं. तिला त्या बाईवर ओरडायचं होतं. सकाळपासून वाक्यं तयार होती, चांगली धार लावलेली. पण त्या लख्ख घासलेल्या वाडग्याकडे बघून तिला कळलं की सिस्टरही या खिडकीत बसून तेच शोधत होत्या जे ती शोधत होती. ओल्या वाऱ्याचा झोत, बेसूर गुणगुण.

"सिस्टर," ती म्हणाली, "बाटल्या ठेवताना तुम्ही त्यांना पाहिलंत. या वाडग्यातलं पाणी बदलताना कुणाला पाहिलंत का कधी?"

सिस्टरांनी डोळे पुसले. आठवून पाहिलं. मान हलवली.

"नाही ना. कारण तुम्ही यायच्या आत बदललेलं असायचं आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा. वाडगं उकळत्या पाण्याने विसळायचं, पाणी उकळून गार केलेलं भरायचं. ते काम यांचं नव्हतं."

खिडकीतून वारा आला, पाण्यावर एक सुरकुती उठली आणि विरली.

८

सोमवारी मोठ्या इस्पितळाची माणसं चकचकीत बूट घालून आली आणि चहा पिऊन परत गेली. त्याआधी डॉक्टरणीने तिन्ही पेशंटांच्या खाटांशी बसून काय झालं, कुणाच्या चुकीने झालं, ते सरळ सांगितलं होतं. जिजी दाराआड उभी राहून ऐकत होती. नावाडी म्हणाला, "बुडवलंत आणि बाहेरही काढलंत, ताई." मास्तरांचा डोळा वाचला, पण त्यात कायमचं धुकं राहिलं. पुढे ते रोज सकाळी दवाखान्यात यायचे, बाकावर बसायचे, आणि डॉक्टरीण रोज स्वतः त्यांना थेंब घालायची. ते धुकं तिने कधी विसरायचं नाही असं ठरवलं होतं, आणि जिजीनेही तिला विसर म्हटलं नाही.

शिंपीणबाईला पुन्हा दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी तिने जिजीला सांगितलं की पोलक्याची बाही उलटी शिवलीय, आणि अशी शिवणारी कोण ती, नाव सांगा.

फ्रिजची मोटर आली. तरीही थोरल्या सिस्टर एके दिवशी थेंबांचा डबा घेऊन वर आल्या, आणि दाराशी चपला काढून उभ्या राहिल्या.

"खालचा फ्रिज चालू झालाय ना?" जिजीने विचारलं.

"झालाय. पण मिस्त्रीचा भरवसा काय? थोडे इथे असलेले बरे."

जिजीने दुधाचं भांडं एका बाजूला सरकवलं. "वरचा कप्पा तुमचा. खालच्याला हात लावाल तर बघा."

राहिलं वाडगं. ते कपाटाच्या माथ्यावर परत गेलं नाही. जिजीने ते भावोजींच्या पुढ्यात आदळलं.

"घ्या. आता उजळ माथ्याने यात दात ठेवा. दाराला कडी लावून नाही, चारचौघांत. आणि पाणी रोज बदलायचं."

"बदलतो हो, वहिनी."

"कोण बदलणार?"

"मीच."

"आठवण नाही करणार मी."

त्या संध्याकाळी लेक वर आली. पुष्कळ दिवसांनी हातांना साबणाचा आणि औषधाचा वास होता. ती बापाच्या खुर्चीत बसली नाही, आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि भिंतीला टेकली.

"आई, बाबांच्या त्या वाडग्याचं मला आठवतं. निळा काठ, ओळीने बाटल्या. मी लहानपणी मोजायची त्या. पण पाणी कुणी बदलतंय असं मला कधी दिसलंच नाही."

"तू झोपलेली असायचीस."

"रोज बदलायचीस?"

"सकाळ-संध्याकाळ. तुझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा, कळा सुरू व्हायच्या आधी."

"बाबांना माहीत होतं?"

खाली बाकावर कुणीतरी हसलं, पितळी घंटा वाजली. भावोजींनी तीही खाली उतरवून टेबलावर ठेवली होती.

"पाणी कधी शिळं लागलं नाही त्यांच्या हाताला," ती म्हणाली. "शिळं लागलं असतं तर विचारलं असतं."

लेकीने आईचा हात ओढून घेतला, उलटा केला आणि दिव्याखाली धरून, जणू प्रथमच तपासायला आलेल्या पेशंटचा असावा तसा, नीट पाहिला.